बोलणी लिहायची वही

माझी फाइल त्यांनी उघडलीच नाही. पारशिवनीहून पहिल्या बसने मी नागपूरला आले होते. फाइलमध्ये बी.कॉम.ची मार्कशीट, इव्हेंट मॅनेजमेंटच्या डिप्लोम्याचं सर्टिफिकेट आणि सरपंचांनी दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला, असा सगळा जामानिमा होता. काकाजींनी, म्हणजे मालकांनी, तिच्यावर चहाची बशी ठेवली आणि विचारलं, "घरी तुले कायच्यासाठी बोलतात?"

मला वाटलं, मुलगी नोकरी करते म्हणून घरचे रागावतात का, असं विचारतायत. मी म्हणाले, घरच्यांची काही हरकत नाही. तर म्हणाले, तसं नव्हे. लहानपणापासून आई, बाप, मास्तर, शेजारीपाजारी असे सगळे एकाच गोष्टीवरून बोलत आले असतील, ती कोणती? मी बाणेदारपणे सांगितलं की मला कोणी बोलत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं, 'चहा घे, आठवलं की सांग' म्हणाले आणि खिशातून सुतळीचा तुकडा काढून त्याच्याशी खेळत बसले.

अर्धा तास गेला. गोदामात खुर्च्या एकात एक घालून रचल्याचे आवाज येत होते. शेवटी कंटाळून मी सांगून टाकलं, की लग्नाच्या पंगतीत बसले की माझं लक्ष स्वतःच्या ताटात नसतं. कोणाची कढी संपली, कोणाला जिलेबी पोचलीच नाही, कोणी वांग्याची फोड हळूच बाजूला सारली, हे मी बघत बसते. आई मांडीला चिमटा काढून म्हणायची, "आपल्या ताटात पाह्य नं वं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजदादही नाही. काकाजींचा चेहरा उजळला. त्यांनी ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली, माझं नाव लिहिलं, नावापुढे 'दुसऱ्याच्या ताटात पाहते' असं लिहिलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं. मी बशीचा गोल डाग पडलेली फाइल घेऊन परत गेले.

शहरातल्या नंदनवन भागात त्यांचं बिछायत केंद्र होतं. मंडप, खुर्च्या, गाद्या, रोषणाई हे वडिलांच्या वेळेपासूनचं, आणि स्वयंपाक-वाढप त्यांनी स्वतः सुरू केलेलं. कामाला बावीस माणसं. काकाजी पासष्टी ओलांडलेले आणि गुडघे त्यांचं ऐकेनासे झालेले. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसायचा. लहानपणी त्याला 'एका जागी बसला की उठत नाही' म्हणून बोलणी बसत, तेव्हा तो योग्य ठिकाणी पोचला याचं काकाजींना समाधान होतं. पण धंदा बघायला घरात कोणी उरलं नव्हतं. मी लागले त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना चहाला बसवून जाहीर केलं की तीन वर्षांनी कारभार सोडणार, तुमच्यातल्याच कोणाच्या तरी हाती देणार, वय किंवा शिक्षण बघणार नाही. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की ती जागा आपली. घरी मी 'मॅनेजर झाले' असं आधीच सांगितलं होतं, बाबांनी गल्लीत पेढेही वाटले होते, त्यामुळे दुसरा काही इलाजच नव्हता.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. त्यात कोणाचं शिक्षण नव्हतं की अनुभव नव्हता, नुसती बोलणी होती. कुसुमताईंच्या नावापुढे 'संशयी' असं लिहिलेलं. प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा मोजायची त्यांची सवय, घरात सासू कावलेली, नवरा कावलेला. काकाजींनी त्यांच्या हाती भांड्यांची कोठी दिली. तेव्हापासून नागपूरच्या बिछायतवाल्यांत आमचं नाव झालं ते चमचे पूर्ण परत येतात म्हणून. एका गृहस्थाला तर बोलण्याची इतकी हौस, की तीन ठिकाणांहून त्याला काढून टाकलं होतं. त्याला काकाजींनी वधूपित्यासाठी नेमलं. लग्नाच्या दिवशी सकाळी सहापासून अक्षता पडेपर्यंत मुलीच्या बापाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, म्हणजे तो आचाऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहत नाही. लोक आमच्या वरणापेक्षा त्या माणसाची आठवण जास्त काढायचे. निरोप घेताना एका वधूपित्याने मुलीच्या आधी त्याला मिठी मारली.

काकाजी स्वतः मात्र कसलंही काम करायचे नाहीत. मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालत आणि पाण्याच्या ड्रमाजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. स्टेजकडे पाठ, तोंड आमच्याकडे. हातात सुतळी. तिला पीळ द्यायचा, गुंडाळायची, ओढायची, सोडायची, पुन्हा सुरू. कोणी जपमाळ ओढतात, कोणी तंबाखू मळतात, यांचं हे, असं आम्ही धरून चाललो होतो. पाहुण्यांना ते मुलीचे रुसलेले काका वाटत. एका लग्नात फोटोग्राफरने त्यांना ओढून नेऊन नवरानवरीच्या मधोमध उभं केलं. ते उभे राहिले, फोटो काढून घेतला आणि पुन्हा येऊन ड्रमाजवळ बसले. तो फोटो त्या घराच्या अल्बममध्ये अजून असेल.

त्यांची एक चूक मी पाहिली, आणि ती त्यांनी ज्या तऱ्हेने निस्तरली तीही पाहिली. आमच्याकडे सुखदेव होता. लहानपणी झाडावर चढतो, शाळेच्या कौलांवर चढतो, म्हणून मार खाल्लेला. चाळीस फुटांवर बांबूला पाय गुंफून तो दोन्ही हात मोकळे ठेवायचा आणि आडवी बल्ली अशी बांधायचा की वादळातही सरकायची नाही. त्याचा साळा कुठेतरी सुपरवायझर झाला तशी सुखदेवच्या बायकोने काकाजींच्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे, येऊन रड लावली, की आमचे हे जन्मभर माकडासारखे वरच लटकणार का. काकाजी विरघळले. बोलण्यांची वही बाजूला ठेवून त्यांनी सुखदेवला मुकादम केलं. बूट आले, इस्त्रीचा शर्ट आला. आणि मुळात गरीब स्वभावाचा तो माणूस खेकसायला लागला. खाली उभं राहून वरच्याला ओरडायचा, 'अशी नाही, अशी', आणि त्याला ते शब्दांत सांगता येत नसे म्हणून आणखी ओरडायचा. दोन महिन्यांत दोन जण सोडून गेले.

मग हुडकेश्वरच्या एका लग्नाआधी आम्ही पोचतो तर मुकादम सापडेना. सुखदेव बुटांसकट वर चढला होता. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला, तोंडात सुतळी, आणि चेहरा दोन महिन्यांत प्रथमच निवांत. काकाजी बराच वेळ मान वर करून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुखदेवला पुन्हा बांबूवर पाठवलं, पगार मुकादमाचाच ठेवला आणि त्याच्या नावाची कार्डं छापून घेतली. कार्डावर 'मंडप उस्ताद' असं लिहिलं होतं. सुखदेवच्या बायकोने ती माहेरी सगळ्यांना वाटली. आम्हाला मात्र काकाजी म्हणाले, "चूक माही आहे. चांगल्या माणसाले त्याच्या कामातून उठवलं, आन् त्याले बढती म्हटलं."

मी हे ऐकलं, पटलं म्हणून मान डोलावली आणि स्वतःला अजिबात लावून घेतलं नाही. कारण माझी अडचण वेगळी होती: मला सगळंच यायचं. पहिल्या महिन्यात सुखदेवकडून मंडपाची गाठ शिकले, दोन दिवसांत. कुसुमताईंपेक्षा लवकर चमचे मोजायचे. फ्यूज उडाला तर मी, आचारी आला नाही तर फोडणीला मी. पंगतीच्या टोकाला उभं राहून कोण उपाशी आहे ते हेरणं हे माझं खरं काम. तेही मी करायचे, आणि जाता जाता दुसऱ्याच्या हातातली बादली घेऊन वाढूनही टाकायचे. पाहुणे म्हणायचे, ही पोरगी नसती तर काही खरं नव्हतं. मला ते फार आवडायचं. काकाजी नुसतं 'हं' म्हणायचे आणि सुतळी ओढायचे.

तिसऱ्या वर्षी काटोलला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडचं लग्न आलं. पाचशे पान. काकाजींनी मला बोलावून सांगितलं की हे लग्न तू एकटीने पार पाड, मी दुपारून येईन. मी समजले, हीच परीक्षा. अट एकच होती. "खुर्चीवर बसजो आन् पाह्यजो. कायलेच हात नोको लावू."

बसले. खरंच बसले. सकाळभर बसले. खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसले. दोन पंगती नीट उठल्या. तिसऱ्या पंगतीत रामटेके काका वरण वाढत होते. आमच्याकडचे सगळ्यात जुने वाढपी, आणि सगळ्यात हळू. एकेका पानापाशी थांबायचे, वाकायचे, काहीतरी पुटपुटायचे, मग वाढायचे. त्यांची रांग अर्धीही झाली नव्हती तर शेजारची भातावर आली. व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. माझ्या हाताला अक्षरशः खाज सुटली. मी उठले, रामटेके काकांच्या हातातली बादली घेतली आणि पाच मिनिटांत अख्खी रांग वाढून मोकळी झाले. व्यापारी म्हणाला, बाई हुशार आहे. मी पुढच्या दोन्ही पंगती त्याच झपाट्यात उठवल्या. रामटेके काका भिंतीशी उभे होते, रिकाम्या हातांनी.

काकाजी तीनला आले. मी पुढे होऊन सांगितलं की पाचशे पान वेळेच्या आत उठलं. ते 'हं' म्हणाले आणि मंडपभर हळूहळू फिरले. कोपऱ्यात नवरदेवाची आजी बसली होती, काष्ट्याचं लुगडं, कानाने बहिरी. नातीच्या पर्समधून निघालेली ग्लुकोजची बिस्किटं पाण्यात बुडवून खात होती. काकाजी तिच्याजवळ बसले, खुणांनी काहीबाही विचारलं आणि रामटेके काकांना हाक मारली. काकांनी एक ताट आणलं, तिच्यासमोर वाकून बसले, भात मऊ कालवून दिला, थांबले, पुन्हा वरण घातलं. म्हातारी जेवली. तिसऱ्या पंगतीत तिने ताट समोर घेतलं होतं, पण वरण आलं आणि गेलं, भात आला आणि गेला, कोणी थांबलंच नाही. दात नाहीत, कोरडं जाईना, ओरडून मागायची सवय नाही. उठून गेली होती.

मला तेव्हा कळलं की रामटेके काकांची रांग म्हणजे म्हाताऱ्यांची रांग होती. वहीत त्यांच्या नावापुढे काय लिहिलंय ते मी शंभरदा वाचलं होतं: 'हळू'. काकाजी आवाज न चढवता म्हणाले, "बेटा, तुया हातात बादली होती. मंग ताटाकडे कोन पाहून राहिलं होतं?"

परतीच्या गाडीत मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त येत होता. पाचशे माणसं जेवली त्याचं काही नाही आणि एका आजीवरून ऐकून घ्यायचं. राजीनामा मोबाइलवर लिहिला, चारदा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायला गोदामामागच्या त्यांच्या घरी गेले.

काकू ओट्यापाशी पालक निवडत होत्या. काकाजी पलीकडच्या खोलीत होते. माझा चेहरा बघून काकूंनी आधी पाणी दिलं, मग समोर पालकाची निम्मी जुडी टाकली. मी निवडता निवडता भडाभडा बोलले. म्हटलं, काकू, ज्यांनी जन्मात एक खुर्ची उचलली नाही, त्यांनी आम्हाला शिकवावं का? काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उचलत नाही ते येत नाही म्हणून वं. तुले ठाऊक नाही का?"

मला ठाऊक नव्हतं. काकूंनी सांगितलं की यांचे वडील नागपुरातले नाणावलेले मंडपवाले. मुलगा हाताने अधू नव्हे, पण पहिल्यापासून त्याचे हात चालायचेच नाहीत. खुर्ची मोडायचा, दिवा फोडायचा, फोडणी जाळायचा. सगळ्या माणसांसमोर सासरे बोलायचे, की याला एक गाठ येत नाही, हा काय धंदा करणार. म्हणून मग हे बाजूला बसून बघायला लागले, की कोणाला काय येतं. दुसरं करण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतंच. "आन् ते सुतळी," काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाले. रोज करून पाहतात. एकडाव जमली पाह्यजे म्हणतात."

मी दारातून आत पाहिलं. काकाजी खाटेवर बसले होते. खिडकीच्या गजाला सुतळी, आणि ते मंडपाची गाठ मारत होते. तीन वर्षं माझ्यासमोर तोच तुकडा होता आणि मी, दुसऱ्याच्या ताटात बघणारी, त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मला एकदम रडू आलं. मी जाऊन त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. त्यांनी मान वर केली नाही. दुसरा वेढा ते उलट्या बाजूने घेत होते. चूक तिथेच होती, इतकी साधी. मला ती गाठ डोळे मिटून येते. माझा हात उठला. अर्ध्यात आला, आणि मी तो परत घेऊन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

त्यांनी वेढा घेतला, टोक ओढलं. गाठ क्षणभर थांबली आणि सुटली. त्यांनी सुतळी सरळ केली, पुन्हा घेतली, पुन्हा सुटली. मी बसून राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, पण काकूंचा पालक निवडून, धुऊन, चिरून झाला होता. शेवटी त्यांनी सुतळी खिशात घातली. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या दाबलेल्या हातांकडे पाहिलं, आणि जरासे हसले.

"खाज सुटली होती नं?"

"हाव," मी म्हटलं.

"मले रोज सुटते. मले काही येत नाही म्हणून माहं सोपं आहे. तुले सगळं येते, तुले लय जड जाईन," ते म्हणाले. मग पुढचं काम सांगितलं, "पुढच्या सोमवारी उमरेडचं लग्न आहे. खुर्ची तूच घेजो."

राजीनामा मोबाइलमध्येच राहिला. उमरेडला मी बसले. रामटेके काका एका आजोबांपाशी इतका वेळ थांबले की मी ओठ चावला, पण उठले नाही. आणि बसून राहिले म्हणूनच मला दिसलं की नवरीची धाकटी बहीण पाहुण्यांच्या मागे धावता धावता सकाळपासून जेवलेली नाही. मी तिला ताट दिलं नाही. रामटेके काकांना सांगितलं, त्यांनी दिलं. तिसरं वर्ष संपलं त्या दिवशी काकाजींनी पुन्हा सगळ्यांना चहाला बसवलं आणि ती वही माझ्यासमोर ठेवली. सुखदेवने टाळी वाजवली, रामटेके काकांनी सगळ्यांच्या नंतर, हळू. पारशिवनीला बाबांनी दुसऱ्यांदा पेढे वाटले. ह्या वेळी खरे.

आता काकाजी आणि काकू पुण्याला मुलाकडे असतात. खुर्ची मी ड्रमाजवळच ठेवलीय. बसले की हात अजूनही शिवशिवतात, ती खोड जाणारी नाही, मी ती वहीत माझ्या नावापुढे स्वतःच लिहिलीय. नवीन माणूस आला की मी फाइल बाजूला सारते, चहा देते आणि तोच प्रश्न विचारते. बहुतेक जण सुरुवातीला म्हणतात, मला कोणी बोलत नाही. मी थांबते.

गेल्या महिन्यात सुखदेव आणि मी गोदामात असताना काकाजींचा व्हिडिओ कॉल आला. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग त्यांचं कपाळ, मग गॅलरीचा कठडा. कठड्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर काकूंचं ओलं लुगडं, दोन चादरी, एक टॉवेल. "पाह्य," ते म्हणाले. "बसली."

मी गाठ नीट पाहिली. दुसरा वेढा उलटाच होता, मग त्याच्यावर आणखी दोन वेढे होते जे कुठल्याच गाठीत नसतात. सुखदेव माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने सांगायला तोंड उघडलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला. चादरी वाऱ्यावर हलत होत्या आणि दोरी जागची हलत नव्हती.

"कोनं शिकवली, काकाजी?" मी विचारलं.

"कोनीच नाही," ते म्हणाले. "तुमी नव्हते नं इथं."